आडनाव काय म्हणालात?

(गणेशोत्सव व्याख्यानमालेत चौथ्या दिवशी झालेल्या भाषणाचा मजकूर)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतील सर्व मंडळी, आणि आरती झाल्यावर प्रसाद घेऊन घरी न जाता इथे बसून राहिलेले माझे बडोदेकर बंधुभगिनी,

चिटणीसांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, यंदा तुमचाच विषय घ्या. समाजशास्त्र म्हणजे काय आणि आपल्या समाजाला त्याचा काय उपयोग, असं काहीतरी. पण जरा हलकंफुलकं ठेवा." विषय घेतला आहे. हलकाफुलका कितपत राहतो ते तुम्हीच ठरवा.

मी १९७२ साली घुमटाच्या इमारतीत, म्हणजे आपल्या आर्ट्स फॅकल्टीत, नाव घातले आणि घरी सांगितले की मुख्य विषय समाजशास्त्र. काकांनी विचारले, "का, सायन्सला नंबर लागला नाही?" आत्या म्हणाली, "चांगलं आहे. पुढे अनाथाश्रमात काम करता येईल." पन्नास वर्षे होऊन गेली, मी शिकले, शिकवले, निवृत्त झाले, तरी ही गल्लत सुटलेली नाही. समाजसेवा हे मोठे काम आहे. समाजशास्त्र मात्र सेवा करत नाही. ते आधी विचारते की हे असे का आहे, आणि असे असण्यात कोणाची सोय होते. त्यामुळे सेवा करणाऱ्याला हार मिळतो, समाजशास्त्रवाल्याला सहसा मिळत नाही. आज मिळाला, आभारी आहे.

या शास्त्राची एक अडचण आहे. त्याचा विषय सगळ्यांना आधीपासून माहीत असतो. डॉक्टर यकृताबद्दल बोलले तर आपण मान डोलावतो. पण लग्न, घर, जात, सासू, शेजार यांबद्दल कोणी बोलू लागले की प्रत्येकाला वाटते, यात शिकण्यासारखे काय आहे? मग मी वर्गात पहिल्या दिवशी एक साधा प्रश्न विचारत असे. तोच तुम्हाला विचारते. इथे साठीपुढच्या पुष्कळ बायका आहेत. तुम्ही सासूला काय म्हणत होता? "आत्याबाई." ऐकू आले. आणि सासऱ्यांना? "मामंजी." आता सांगा, ती बाई तुमच्या वडिलांची बहीण नव्हती, मग आत्या कशी?

कारण एके काळी ती खरोखरच आत्या असे. मुलाला मामाची मुलगी करायची, ही आपल्या पुष्कळ जातींतली जुनी रीत, आणि कित्येकांत ती आजही आहे. भाची सून होऊन आत्याच्या घरात येई. ज्यांच्यात ती रीत सुटली त्यांच्याही तोंडात शब्द राहून गेला. माझ्या थोरल्या जाऊबाई सासूबाईंच्या सख्ख्या भाची. शेजारच्या गुजराती बांना हे पहिल्यांदा कळले तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "मामानी दीकरी तो बेन कहेवाय!" त्यांच्या दृष्टीने आमच्या घरात बहीणभावाचे लग्न लागले होते. आमच्या दृष्टीने घरातली मुलगी घरात आली होती. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन घरे, दोघांचाही ठाम विश्वास की आपणच धर्माला धरून आहोत.

इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर १९५३ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे पट्टे पाडून दाखवले. उत्तरेत मुलगी देताना जवळचे रक्त टाळतात, लांबच्या गावी, अनोळखी घरात देतात. दक्षिणेत मामाकडे, आत्याकडे देतात, काही जातींत तर सख्ख्या मामालाच. महाराष्ट्र आणि गुजरात मधल्या पट्ट्यात, त्यातही गुजरात उत्तरेकडे झुकलेला आणि आपण अर्धे दक्षिणेचे. अनोळखी घरात गेलेल्या सुनेचे बोलणे, उठणे-बसणे, डोक्यावरचा पदर आणि आत्याच्या घरात गेलेल्या सुनेचे वागणे यांत जो फरक दिसतो, त्याचे पुष्कळसे उत्तर या रीतीत आहे. स्वभावात शोधायला जाऊ नये. पन्नास वर्षे "आत्याबाई" म्हणून हाक मारली, पण त्या हाकेत एवढे दडलेले आहे हे कोणाच्या लक्षात आले नाही. समाजशास्त्र शिकणे म्हणजे माझ्या मते एवढेच. जे रोज तोंडात आहे त्याच्याकडे परक्यासारखे बघायला शिकणे.

इरावतीबाई ज्यांच्याकडे शिकल्या ते गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे. केंब्रिजहून परत येऊन १९२४ पासून त्यांनी मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग चालवला, आणि पुढे देशभर हा विषय ज्यांनी शिकवला त्यांपैकी निम्मे तरी त्यांचे विद्यार्थी असावेत असे वाटते. संस्कृतावर त्यांचा फार अधिकार. जात, गोत्र, साधू, वेशभूषा, कशावर लिहिले नाही असे नाही. पण त्यांची मुख्य बैठक ग्रंथांची. पोथीत काय सांगितले आहे तिथून ते सुरुवात करत.

त्यांचेच विद्यार्थी म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास. पुढे ऑक्सफर्डला गेले आणि पोथी बाजूला ठेवून गावात जाऊन राहिले. १९४८ साली म्हैसूरकडच्या एका खेड्यात मुक्काम केला, लोक काय करतात ते पाहिले, रोजच्या रोज लिहून ठेवले. पोथीत चार वर्ण आहेत. गावात चार वर्ण कोणी बघितले आहेत? गावात जाती असतात, डझनाने असतात, आणि त्यांतल्या मधल्या तर सदोदित भांडत असतात की आम्ही वर का तुम्ही. तिथून श्रीनिवासांनी दाखवून दिले की एखादी जात हळूहळू मांस सोडते, दारू सोडते, वरच्यांचे विधी उचलते, पिढी-दोन पिढ्यांनी वरचे स्थान सांगू लागते. याला त्यांनी संस्कृतीकरण म्हटले. ज्या जातीकडे जमीन आहे, माणूसबळ आहे, तिच्या शब्दाला गाव मान देते, मग ती पोथीत कुठेही असो. तिला त्यांनी प्रभावी जात म्हटले. आपण सगळे जो शब्द निवडणुकीत सहज वापरतो, व्होट बँक, तोही त्यांचाच.

आणि हे श्रीनिवास १९५१ साली बडोद्याला आले. आपल्या विद्यापीठाचा समाजशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला, १९५९ पर्यंत इथे होते, मग दिल्लीला गेले. १९७० मध्ये अमेरिकेत असताना त्यांच्या अभ्यासिकेला आग लावली गेली आणि त्या खेड्यावरच्या प्रक्रिया केलेल्या नोंदी जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिले आणि तेच त्यांचे सर्वांत वाचले गेलेले पुस्तक ठरले. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट फार आवडे. नोट्स हरवल्या तरी चालते, असा अर्थ ते काढत.

बडोद्याचे दुसरे मोठे नाव आय. पी. देसाई. त्यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावातल्या कुटुंबांचा अभ्यास केला, १९६४ साली तो प्रसिद्ध झाला. आपण सगळे म्हणतो ना, एकत्र कुटुंब मोडले, आता सगळे सुटे झाले? देसाईंनी विचारले, एकत्र म्हणजे काय? एका चुलीवर जेवणे? का एकाच्या आजारात दुसऱ्याने पैसे पाठवणे, मुंजीला, बारशाला, मर्तिकाला जमणे, घराचे निर्णय विचारून घेणे? चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब मोडले असे नव्हे, हे त्यांनी दाखवले. श्रीनिवासांचे इथलेच विद्यार्थी ए. एम. शहा तर १८२५ सालच्या एका गुजराती गावाच्या खानेसुमारीपर्यंत मागे गेले, आणि मोठी एकत्र कुटुंबे पूर्वी सरसकट होती ही समजूत त्यांनी खिळखिळी करून टाकली.

आपल्या घरांना हे लावून बघा. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या किती वाड्यांना आज कुलूप आहे? एक मुलगा पुण्यात, एक टोरंटोत, मुलगी अहमदाबादेत. आपण हळहळतो, घर फुटले. पण गौरी कोणाकडे बसणार हे अजून ठरलेले असते. टोरंटोहून पैसे येतात ते छप्पर शाकारायला. आजोबांच्या ऑपरेशनचा निर्णय व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर रात्री बारा वाजता होतो, आणि त्यात धाकट्या सुनेला कोणी विचारत नाही, तेही जुन्यासारखेच! देसाईंच्या हिशेबाने हे एकत्र कुटुंबच आहे, फक्त त्याच्या खोल्या लांब लांब आहेत.

इथपर्यंत हलकेफुलके राहिले. आता मी मूळ गोष्टीकडे येते.

श्रीनिवासांच्याही आधी, ९ मे १९१६ रोजी, न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या एका चर्चासत्रात पंचविशीतल्या एका विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. त्याचे म्हणणे असे की जात कशाने टिकते, तर जातीतच लग्न करण्याने. बाकी सगळे, शिवाशिव, जेवणखाण, त्यामागोमाग येते. आणि जातीतच लग्न टिकवायचे तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळवत राहावी लागते. नवरा मेलेल्या बाईचे काय करायचे, बायको मेलेल्या पुरुषाचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह, या तिन्ही रूढींचा उलगडा त्याने या एका हिशेबातून केला. एका वर्गाने दार लावून घेतले, आणि बाकीच्यांनी त्याची नक्कल केली, असे जात पसरण्याचे कारण त्याने दिले. नक्कलेची ही गोष्ट श्रीनिवासांच्या संस्कृतीकरणाच्या जवळपास पस्तीस वर्षे आधीची आहे. निबंध १९१७ च्या मे महिन्यात छापून आला.

तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे तुम्ही ओळखलेच. महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते शिकायला गेले होते, आणि करारानुसार राज्याची नोकरी करायला १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याला आले. आपल्या गावाला. निबंध छापून जेमतेम चार महिने झाले होते.

पुढचे तुम्हाला माहीत आहे, निदान कमाटीबागेतला वड आणि संकल्पभूमी माहीत आहे. पण त्यांनी स्वतः जे लिहून ठेवले आहे ते बारकाईने वाचा अशी माझी विनंती आहे, कारण ते एका समाजशास्त्रज्ञाने लिहिलेले आहे. उतरायला हिंदू खाणावळ मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी उतारूगृहाच्या वरच्या मजल्यावर राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे जिन्यावर आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेली. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला खरोखर वाईट वाटले. तो म्हणाला की तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर सोडून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे काही तास बाबासाहेब कमाटीबागेत बसून राहिले.

माझे लक्ष त्या काठ्यांकडे जात नाही. काठी सगळ्यांना दिसते. माझे लक्ष त्या दोन मित्रांकडे जाते. त्यांच्यापैकी कोणी अपमान केला नाही. कोणी जातीचे नाव काढले नाही. दोघांकडेही घरगुती, समजण्यासारखे, सभ्य कारण होते. एकाचे नोकर, दुसऱ्याची बायको. एकेकट्याचे बघाल तर कारण आहे. सगळ्यांचे मिळून बघाल तर एका माणसाला अख्ख्या शहरात खोली नाही. समाजशास्त्र इथे सुरू होते, जिथे माणसे कारणे सांगतात आणि निकाल मात्र दर वेळी एकच लागतो.

मी हे वर्गात कितीतरी वेळा शिकवले आहे. आय. पी. देसाईंनी १९७१ साली गुजरातच्या ६९ गावांत अस्पृश्यतेची पाहणी केली, तीही शिकवत असे. त्यांनी जीवनाचे दोन भाग केले, सार्वजनिक आणि खासगी. शाळेतली बसण्याची जागा, पोस्ट, बस, जिथे सरकारचा हात पोचतो तिथे भेद पुष्कळ कमी झाला होता. घराचा उंबरठा, देऊळ, न्हावी, तिथे बहुतेक गावांत जसाच्या तसा. हा भाग मी फळ्यावर दोन रकाने करून समजावत असे.

१९८६ सालची गोष्ट. आमच्या घराची वरची खोली रिकामी होती. जिना बाहेरून, स्वतंत्र. एका तरुण इंजिनियरने कोणाच्या तरी ओळखीने फोन केला. नागपूरकडचा, इथे नव्याने नोकरीला लागलेला. फोन सासूबाईंनी घेतला. दहा मिनिटे बोलल्या त्याच्याशी. ठेवल्यावर म्हणाल्या, "किती गोड मराठी बोलतो गं. इथल्या पोरांसारखं धेडगुजरी नाही. येऊ दे रविवारी."

रविवारी तो आला. चपला जिन्याखाली काढल्या, सासूबाईंना वाकून नमस्कार केला. नाव सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "हो हो, फोनवर सांगितलंत ना. आणि आडनाव काय म्हणालात?" तो काही म्हणाला नव्हता. हे त्यालाही ठाऊक होते आणि त्यांनाही. तो थोडा हसला आणि आडनाव सांगितले.

सासूबाई "चहा टाकते" म्हणून आत गेल्या त्या देवघरात जाऊन बसल्या. चहा मी टाकला. आणि कपबशीच्या फळीकडे न जाता माझा हात वरच्या फळीवर गेला, तिथे एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला असे. मला कोणी सांगितले नाही. मी विचार केला नाही. हात आपोआप गेला. तो पेला कशासाठी वेगळा आहे, हे लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मला माहीत होते, आणि मी समाजशास्त्राची एम. ए. होते.

चहा देताना मी म्हणाले, "खोलीचं अजून नक्की नाही हो. दिरांचं कुटुंब यायचं म्हणतंय." तो म्हणाला, "काही हरकत नाही." चहा प्यायला. मग उठून अंगणातल्या नळावर गेला, पेला स्वतः विसळला, आणि कठड्यावर पालथा घालून ठेवला. त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याचाही हात आपोआप गेला.

सोमवारी माझे तास होते. योगायोगाने देसाईंचीच पाहणी चालू होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, हे खेड्यातलं झालं. शहरात काय?" मी म्हणाले, "शहरात प्रमाण कमी आहे. तिथे कोणाला कोणाची जात माहीत नसते."

सासूबाईंवर ढकलणे सोपे आहे. त्या आता नाहीत, उत्तर द्यायला येणार नाहीत. पण दिरांचे कुटुंब मी आणले होते, आणि पेलाही मीच काढला. दीर सुरतेला होते आणि त्यांचा यायचा काही विचार नव्हता. नोकर, बायको, दीर. रांगेत ठेवून बघा.

हे सगळे एका बाईच्या मनाला लागलेले टोचण म्हणून सांगत नाही. याची मोजणी करता येते, आणि झालेली आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात, आपल्या अमरावती जिल्ह्याचे, त्यांनी आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांना अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा, आडनाव तेवढे वेगळे. २००७ साली ते प्रसिद्ध झाले. दलित आडनावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या अर्जापेक्षा साधारण एकतृतीयांशाने कमी निघाली. पुढे थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांबद्दल तसेच केले. फोनवर विचारले, प्रत्यक्ष जाऊन विचारले. दलितांना नकार, मुसलमानांना त्याहून जास्त नकार, आणि जिथे होकार मिळाला तिथेही पुष्कळदा जादा भाडे नाहीतर जादा अटी. २०१५ साली तो निबंध आला. मी वाचला तेव्हा ती बाहेरच्या जिन्याची खोली डोळ्यांपुढे उभी राहिली.

प्रश्न कसा विचारायचा, हेही हे शास्त्र शिकवते. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात घरोघरी विचारले, तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळते का? जे नाही म्हणाले त्यांना पुढे विचारले, अनुसूचित जातीच्या माणसाने तुमच्या स्वयंपाकघरात येणे, तुमची भांडी वापरणे चालेल का? दोन्ही मिळून साधारण २७ टक्के घरे निघाली. पहिल्या प्रश्नाला १९८६ मध्ये मी ठणकावून "नाही" म्हटले असते. दुसरा प्रश्न फळीवरच्या पेल्याबद्दल आहे. त्याच सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्ने पाच टक्क्यांच्या आसपास. शंभर वर्षांपूर्वी त्या निबंधात जातीचा कणा म्हणून जे दाखवले होते, ते अजून तसेच ताठ आहे.

आता मंडळाबद्दल थोडे, आणि मग थांबते. चिटणीसांनी मला आपल्या वर्गणीच्या जुन्या वह्या बघायला दिल्या, त्याबद्दल त्यांचे आभार. फार सुंदर वह्या आहेत. शाईचे वळण, चार आणे, आठ आणे, कोणाचे "सोयरामुळे यंदा नाही". आपण अभिमानाने सांगतो की हे मंडळ बडोद्यातल्या मराठी समाजाचे आहे. गायकवाडांबरोबर मराठी माणूस इथे आला त्याला पावणेतीनशेच्या वर वर्षे झाली. पण त्या फौजेबरोबर आणि दरबाराबरोबर फक्त सरदार, कारकून आणि पुराणिक आले का? मोतद्दार आले, माहूत आले, शिंपी, परीट, चांभार आले, झाडणारे आले. त्यांची नातवंडे-पतवंडे याच शहरात आहेत, घरात मराठी बोलतात, गणपती बसवतात. वह्यांत मी त्यांची आडनावे शोधली. पहिल्या वहीत ज्या गल्ल्या आहेत त्याच शेवटच्या वहीत आहेत.

कोणी म्हणेल, आम्ही कोणाला येऊ नका म्हटले नाही. अगदी खरे आहे. वहीत तसे कुठेही लिहिलेले नाही. वर्गणी मागायला जाणारे ओळखीच्या गल्लीत गेले, एवढेच. ओळखीची गल्ली कोणती, हे त्यांच्याही आधीच्या माणसांनी ठरवले, आणि त्यांनीही काही वाईट मनात ठेवून ठरवले नसेल. परवा मी कार्यकारिणीसमोर हे बोलले तेव्हा एक सभासद चिडले. म्हणाले, "ताई, सणासुदीला हे कशाला?" दुसरे एक, वयाने तरुण, म्हणाले की गल्ल्यांची यादी करून द्या, आम्ही जाऊ. चिडलेल्यांचे आणि तरुणाचे, दोघांचेही म्हणणे इतिवृत्तात घ्यावे अशी मी विनंती केली आहे. यादी मी केली आहे, माझ्या पिशवीत आहे. सोमवारी संध्याकाळी मीही बरोबर जाणार आहे, गुडघे साथ देतील तिथवर.

तिकडे मुलांची वेशभूषा स्पर्धा खोळंबली आहे, दोन शिवाजी आणि एक झाशीची राणी मघापासून पडद्याआडून बघताहेत. तेव्हा जाता जाता एक घरगुती निवेदन. आमची वरची खोली दिवाळीपासून रिकामी होते आहे. जिना बाहेरून आहे, न्हाणीघर स्वतंत्र, पाणी सकाळी सहा ते सात. भाडे बोलून ठरवू. कोणाच्या ओळखीत कोणी असेल तर माझा नंबर चिटणीसांकडे आहे.